आंधळ्या मावशीने धरलेला पाय

सत्यनारायणाचा प्रसाद खायचा, पण कथेला बसायचं नाही, असा मी माणूस. अजूनही तसाच आहे. तरी हे लिहितोय...

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. थोरला भाऊ, दादा, कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. मी चाळीतल्या समितीचा चिटणीस, नुसता तोंडाचा पट्टा. एका मोर्चावर लाठीमार झाला आणि दोन दिवसांनी दादाची डावी पोटरी सुजली. लालभडक, आतली शीर दोरीसारखी ताठ.

"मला लाठी लागलीच नाय रे," दादा म्हणाला.

"गप रे. लागली म्हण," मी म्हटलं. चाळीला जखमी वीर हवा होता, मला वीराचा भाऊ व्हायचं होतं. संध्याकाळी गॅलरीत त्याला हार घातला.

पाय चोळायला आईने तळमजल्यावरच्या मावशीला बोलावलं. मालवणकडची, जन्मांध. तिने सुजलेल्या पायाला हात लावला, सोडला, आणि चांगला उजवा पाय धरून बसली.

"मावशी, तो नव्हे, डावा," मी हसून म्हटलं.

"ठावक आसा. आठ दिसांनी ह्यो फुगतलो. दुखणा पायात नाय, पोटात आसा. दाक्तराक पोट दाखवा."

दादा माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरसमोर लाठीचं खोटं उघडं पडलं असतं, तर माझं हसं झालं असतं. आंधळीला काय दिसतंय, असं म्हणून मी तिला हाकललं.

आठव्या दिवशी डावा पाय उतरला, उजवा सुजला! चाळीत टिंगल सुरू झाली — पोलिसाची लाठी पाय बदलते काय रे? तेव्हा तरी त्याला डॉक्टरकडे न्यायचं... मी दादालाच झापलं. म्हटलं, सभेला येताना डाव्याच पायाने लंगड. आणि तो तसा लंगडला.

पुढे हाताचीही शीर तशीच सुजून ताठ झाली, तेव्हा कुठे त्याला इस्पितळात नेलं. पोटात कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. रक्त असं जागा बदलत गोठणं ही कधी कधी लपलेल्या कॅन्सरची पहिली खूण असते, डॉक्टर म्हणाले. आधी का नाही आणलंत, हेही विचारलं.

दादा गेला. त्याला घोषणा देत स्मशानात नेलं. टिंगल करणारेच खांद्याला पुढे होते. जिन्याखाली मावशी उभी होती.

"मावशी, तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुका सांगितलंय ना? मगे तू काय केलंस?"

आजार काय होता ते डॉक्टरांनी सांगितलं. पण आठ दिवस आधी तिने उजवा पाय कसा धरला, ते मला आजही कळलेलं नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तेव्हाही माहीत होतं.