भांडणाचा पर्यायच नव्हता

मित्रांनो, धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात मी काउंटरवर बसतो, तिथं आज दुपारी एक मॅडम आल्या. कामाचा ताण आम्ही कसा झेलतो, हे त्यांना मोजायचं होतं. मला हसूच आलं. ताण म्हणजे काय बीपी आहे, पट्टा बांधला की आकडा दिसेल?

पण त्यांनी माझ्या शेजारीच स्नेहल सिस्टरला बसवलं आणि मी कान टवकारले. कॉलेज अर्धवट सोडून मी या नोकरीला कोणासाठी चिकटलोय, हे तुम्हाला माहीत आहेच.

"ताण आला की कुणाशी बोलता?"

"बोलत नाही मॅडम, भांडते. ह्याच्यासोबत." बोट माझ्याकडे.

माझं डोकंच सटकलं. "मीच भेटतो काहून वं तुले?"

"पाहा, झाला सुरू! डॉक्टर बोलतात, पेशंटचे नातेवाईक बोलतात, मले चुपचाप ऐकून घ्या लागते. ह्याले बोललं की हा उलटून बोलते. मंग माह्यं रडणं राहून जाते."

मॅडमचा पेन थांबला. त्यांच्या फॉर्मवर भांडणाचा पर्यायच नव्हता. "मग सहकारी लिहू, की मित्र?"

स्नेहल माझ्याकडे वळली. "सांग ना गा, काय लिहाचं?"

रोज तिला तोंडावर उत्तर देणारा मी, आज केसपेपर चाळत बसलो. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली आणि ती गेली.

ती या ग्रुपवर नाही, म्हणून विचारतो. मनातलं सांगून टाकलं आणि मग तिला माझ्याशी मोकळेपणानं भांडताच आलं नाही, तर ती कुणाशी भांडेल?