खालची बारीक अक्षरं

रहिमतपूरहून साताऱ्याला येताना एसटीत शेजारी बसलेल्या मावशींनी आपला बटणांचा फोन माझ्यापुढं धरला. "बाबा, काय आलंय बघ की. मला वाचाया येत न्हाई."

"रोज भजनं ऐका, मोफत. हवी असतील तर एक दाबा," मी वाचलं. खाली बारीक अक्षरांत होतं, की पहिल्या आठवड्यानंतर रिचार्जमधून पैसे कापले जातील. ते मी वाचलं नाही. खरं सांगायचं तर मला बोलणं वाढवायचं नव्हतं. "दाबा की, फुकट आहे," एवढंच म्हणालो.

त्यांचा अंगठा बटणावर गेला नि तिथंच थांबला. "शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं, तर तिची वाटी आपण रिकामी धाडतो व्हय? मग ह्यो भजनं देऊन काय मागतोय? पोरगं फौजेत हाय माजं. त्याला फोन ह्याच रिचार्जवर लावती मी."

त्यांनी फोन बंद करून बटव्यात टाकला. माझी मान काही वर होईना. सातारा जवळ आल्यावर कसाबसा बोललो, "मावशी, खाली पैशाचं लिहिलं होतं. मी सांगितलं नाही."

"ठावं हाय. तुजं डोळं खालपतूर गेलं, तोंड मातर आदीच थांबलं."

मग त्यांनी माझ्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या.

"खा रं. ह्याच्याखाली बारीक काय लिवल्यालं न्हाई."