चप्पल घालतानाचे फोटो

फोटोत माणसाचा चेहरा नीट आला की फोटो बिघडला, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा दीर आहे. ह्यांचा मावसभाऊ, ह्यांच्याहून सहा महिन्यांनी लहान. लग्न केलं नाही. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांचे फोटो काढले आणि रिटायर झाल्यावरही इथेच, आमच्यापासून दोन सेक्टर सोडून राहिले. ह्यांनी एअर फोर्स सोडल्यावर आम्हीही इथेच घर घेतलं, तेव्हापासून दर रविवारी दुपारचं जेवण भाऊजींचं आमच्याकडे असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस भाजीला नावं ठेवत नाही. तक्रार आहे ती गळ्यातल्या कॅमेऱ्याबद्दल. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून इतकी वर्षं गप्प बसले, पण आता लिहितेच.

भाऊजींचा नियम असा, की माणूस घरात येऊन सोफ्यावर बसला, हसला, चहा प्याला, तोवर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पाहुणा उठून "बरंय, येतो" म्हणाला की हे उठणार. मग पाहुणा एका पायावर उभा राहून, चपलांच्या कपाटाला धरून, दुसऱ्या पायात सँडल कोंबत असला की कॅमेरा वाजलाच. त्या वेळी माणूस कसा दिसतो हे मी सांगायला नको. मी एकदा चिडून विचारलं, "अहो, ही काय फोटो काढायची वेळ आहे?" तर शांतपणे म्हणाले, "वहिनी, आत माणूस पाहुणा असतो. खरं बोलायला लागतो तो चप्पल घालताना." आणि वर म्हणाले, "तीस वर्षं मी पेशींचे फोटो काढले, एकीनंही कधी पदर सारखा केला नाही." आता मी काय पेशी आहे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना फोटोग्राफर म्हणून मुद्दाम बोलावलं, तिथेच माझं चुकलं. नऊवारी नेसले होते, नथ घातली होती, सगळ्या मराठी बायका नटूनथटून आल्या होत्या, शेजारच्या पंजाबी भाभीजींना मी स्वतः अंबाड्यावर गजरा माळला होता. भाऊजी कोपऱ्यात बसून तिळाच्या वड्या खात राहिले. चार दिवसांनी सेक्टर बावीसमधून फोटो छापून आणले, चाळीसच्या चाळीस दारातले. कुणी वाकलेली, कुणी वाणाचा डबा काखेत धरून चपलेचा बंद शोधतेय, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून तोंड उघडं टाकून बोलतेय. नथ एकाही फोटोत नाही. भाभीजी बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, "भाईसाब, मेरी शक्ल तो आने देते." माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही, तर ते वाण लुटून निघालेल्या बायकांना खाली फाटकाशी गाठून फोटो काढत बसले.

त्यांच्या फोटोंची आणखी एक तऱ्हा आहे. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं वेळ लिहायची आणि त्या क्षणी जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहायचं. भाभीजींच्या फोटोमागे आहे, "अच्छा जी, चलते हैं। सुनो, वो गुड़ कौन सी दुकान का था?" त्यानंतर त्या चाळीस मिनिटं दारातच होत्या, तेही कंसात नोंदलेलं आहे. खरं सांगायचं तर एकदोन फोटोंनी मला गप्प केलं. ह्यांचे एक जुने दोस्त तीन तास आमच्याकडे विनोद सांगत बसले आणि डाव्या पायात बूट, उजवा हातात, अशा अवस्थेत म्हणाले, "उद्या बायोप्सी आहे, बघू." त्या फोटोत त्यांची नुसती पाठ आहे. पण म्हणून काय सगळ्यांनी जन्मभर पाठीच दाखवायच्या? माणसाला भिंतीवर लावायला एक धड फोटो नको?

मला तसा एक फोटो हवा होता, आणि का हवा होता ते भाऊजींना चांगलं माहीत होतं. आमचा चिनू कॅनडाला निघाला होता. इथे लहानाचा मोठा झालेला मुलगा, मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदी. मला मम्मी म्हणतो. घराबाहेर पडताना "मम्मी, मैं जा रहा हूँ" म्हणायचा आणि मी रोज स्वयंपाकघरातून ओरडायची, "जातो म्हणू नये रे, येतो म्हण." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "जा रहा हूँ तो येतो कैसे बोलूँ? झूठ है ये तो." शाळेत जाताना, सेक्टर चौतीसच्या क्लासला जाताना, आयटी पार्कमधल्या नोकरीला जाताना, रोज हाच वाद. पालथ्या घड्यावर पाणी. आता तर तो इतक्या लांब निघाला होता, की त्या एका शब्दासाठी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

म्हणून आदल्या रविवारी मी भाऊजींना आमटी वाढता वाढता बजावलं, "उद्या सोफ्यावर बसून तिघांचा एक फोटो. तिघांचे चेहरे समोर. चपलांचं नाव काढायचं नाही." ते "पक्का" म्हणाले. सोमवारी आले, पोहे खाल्ले, चिनूच्या बॅगेची चेन अडकली होती ती लावून दिली. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो, मी ह्यांचा भांगसुद्धा सारखा केला. भाऊजींनी कॅमेरा डोळ्याला लावला, बराच वेळ पाहिलं आणि खाली घेतला. म्हणाले, "असे फोटो मला नाही येत हो, वहिनी." तेवढ्यात दिल्लीला नेणारी टॅक्सी खाली आली. पुढचं सगळं घाईत झालं. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा मला कळलं, की मागे कॅमेरा वाजला होता.

मी भाऊजींशी बोलणं सोडलं. रविवारी ताट वाढायची, पण वाढणारा हात तेवढा माझा, तोंड फिरवलेलं. पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. आत एकच फोटो. माझी ही भलीमोठी पाठ, हात चिनूच्या बॅगेत कोपरापर्यंत, तोंड अर्थातच उघडं. ह्यांचा फक्त पाण्याची बाटली धरलेला हात. आणि चिनू खाली वाकून बुटाची नाडी बांधतोय, कपाळ तेवढं दिसतंय. मी पाच आठवड्यांचं सगळं एकदम बोलून घेतलं. "माझ्या लेकराचा चेहरा कुठाय ह्यात? आता मी बघायचं काय, नाडी?"

भाऊजी आमटीत भात कालवत म्हणाले, "मागे बघा."

मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: "दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. वहिनी – 'मेथकुटाची बरणी उभी ठेवलीय, आडवी करू नको, सांडेल.' चिनू, त्याच वेळी, खाली बघून – 'येतो गं, आई.'"

मी बोलत होते. माझ्या लेकानं पहिल्यांदा ते म्हटलं, तेव्हा मी मेथकुटाबद्दल बोलत होते.

ते अक्षर पुन्हा एकदा वाचून मी विचारलं, "भाऊजी, खरंच म्हणाला का हो? की माझी समजूत काढताय?"

"रिपोर्टवर दिसेल तेच लिहायची सवय आहे," ते म्हणाले. "पदरचं अक्षर घालत नाही मी. भात आहे का अजून?"

चिनूला मी अजून विचारलेलं नाही. फोनवर तो "ओके मम्मी, बाय" म्हणतो, आणि विचारलं तर म्हणेल, "याद नहीं यार." ते मला ऐकायचं नाहीये. फोटो मी फ्रेम करून सोफ्यावरच्या भिंतीला लावला आहे, अक्षरांची बाजू पुढे करून. भाभीजी आल्या की दर वेळी सांगतात, "भाभीजी, फोटो उल्टी लगी है." मी म्हणते, राहू दे. भाऊजींच्या हातून आयुष्यात एकच फोटो बरा आलाय, तो त्या बाजूनं.