दीड पेर

माझ्या वडिलांनी मला कधी मारलं नाही. ते माझं मनगट मोजायचे.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं. रविवारी सकाळी तालमीतले जुने गडी आमच्या ओट्यावर चहाला जमायचे. आबा मला हाक मारून पुढ्यात उभं करायचे, माझ्या डाव्या मनगटाला अंगठा आणि मधल्या बोटानं विळखा घालायचे आणि बोट अंगठ्याच्या किती पुढं गेलं ते सगळ्यांना दाखवायचे. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद असंच माप घेतात, आबांनीही कित्येकांचं घेतलं होतं. बोट अंगठ्याला टेकलंच नाही तर पोरगा कामाचा. टेकून पुढं गेलं तर जेवढं पुढं गेलं तेवढं पेरांत मोजायचं.

"दीड पेर उरलं," आबा म्हणायचे. "गेल्या साली बी दीडच हुतं. ह्याला काय चारावं गड्यांनो, तुमीच सांगा."

गडी हसायचे. मीही हसायचो, कारण न हसणारा पोरगा आणखी किडकिडीत दिसतो हे मला फार लवकर कळलं होतं.

आबांचं स्वतःचं मनगट माझ्या दोन्ही हातांच्या विळख्यात मावायचं नाही. त्यांचं काम विहिरीतलं. पंचक्रोशीत कुणाची मोटर विहिरीत पडली, पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गाळात रुतला, की आबांना बोलावणं यायचं. दीड-दोन परस खोल पाण्यात बुडी मारून ते दोर बांधून वर यायचे. माणसंही काढली त्यांनी, पण त्याबद्दल घरात बोलायचे नाहीत. त्यांच्या हातात एक परदेशी घड्याळ असायचं, पाणबुड्यांसाठी बनवलेलं. गोदीत कामाला असलेल्या त्यांच्या मावसभावानं आणून दिलेलं. काळी तबकडी, रेडियमचे जाडे ठिपके आणि भोवती करकर करत फिरणारी कडा. बुडी मारताना कडेवरची खूण मिनिटकाट्यावर आणून ठेवायची, म्हणजे पाण्यात किती वेळ गेला ते कळतं. आजच्या मापानं ते घड्याळ जेमतेम सदतीस मिलीमीटरचं होतं. आबांच्या हातावर सदऱ्याच्या बटणाएवढं दिसायचं.

मी बारा वर्षांचा असताना एका बागाईतदाराच्या विहिरीवर त्यांनी ते घड्याळ माझ्या हातात घातलं. पाणी गढूळ होतं, खाली तबकडी दिसणार नव्हती. "काटा दोनदा फिरला आन् मी वर न्हाई आलो, तर बोंब मार, दोर वडाय सांग," म्हणाले आणि त्यांनी सूर मारला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनगटाला काहीतरी काम मिळालं. मी काठावर पालथा पडलो, हात खाली सोडला आणि सेकंदकाट्यावर डोळे लावले. एक फेरी झाली. दुसरी निम्मी झाली. पाणी हलेना. मी आणखी वाकलो तसं ते घड्याळ, पट्टा लावलेलाच, माझ्या पंजावरून सरळ निघालं आणि पाण्यात गेलं. आवाजसुद्धा धड झाला नाही.

आबा वर आले ते मोटरीला दोर बांधूनच. मग घड्याळासाठी त्यांनी अकरा वेळा बुडी मारली. दर वेळी वर येऊन माझ्याकडं बघायचे, दम घ्यायचे आणि परत खाली जायचे. घड्याळ सापडलं नाही.

त्यानंतर अडतीस वर्षं ही गोष्ट सांगितली गेली. माझ्या साखरपुड्यात सांगितली. माझ्या सासऱ्यांना सांगितली, माझ्या मुलीच्या बारशात सांगितली. "काय पोरगं म्हणावं. मनगटावनं घड्याळ हिरीत." मी सांगलीला कॉलेजात भूगोल शिकवायला लागलो, नोकरी कायम झाली, घर बांधलं, तरी त्यांच्या ओट्यावर मी दीड पेरच राहिलो. मला ते आवडत नव्हतं एवढंच म्हणून भागणार नाही. मी त्यांचा द्वेष करायचो. शांतपणे, नियमित, सण-वार सांभाळून.

मग गेल्या वर्षी आबा आजारी पडले. पोटाचं काहीतरी होतं, दोन ऑपरेशनं झाली, जीव वाचला पण अंग झडलं. दवाखान्यात आईनं त्यांच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. महिनाभरानं तो इतका सैल झाला, की तिनं तो सोडून नव्यानं आवळून बांधला आणि उरलेला तुकडा कापला. मी बाजूला बसून हे बघत होतो. नर्स सुई लावायला आली तेव्हा हात धरायला मला सांगितलं. मी धरला. माझं मधलं बोट अंगठ्यावरून पुढं गेलं. किती पुढं गेलं ते मी बघितलं. माझा बाप मरणाच्या दारात होता आणि मी पेरं मोजत होतो.

त्यांची पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा मला कळलं, की त्या जुन्या घड्याळाच्या धर्तीवर कंपनीनं नवं घड्याळ काढलंय. तीच काळी तबकडी, तेच ठिपके, तीच कडा. फक्त मापं दोन होती. एक जुन्याएवढं, सदतीसचं. दुसरं आजच्या फॅशनचं, बेचाळीसचं.

सांगलीतल्या ज्या दुकानातून मी ते घेतलं तिथले चाचा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतायत. मी आईकडून मागून आणलेला आबांचा काळा दोरा त्यांच्या काचेवर ठेवला. गाठ तशीच होती. चाचांनी दोरा फूटपट्टीवर लावून बघितला, मग माझ्या हाताकडं बघितलं.

"तुमच्यापेक्षा बी बारीक हाय की. कुणाचं?"

"वडिलांचं."

त्यांनी दोन्ही घड्याळं काढून ठेवली आणि मला व्यवस्थित समजावलं. तबकडीच्या रुंदीवर जाऊ नका म्हणाले, ती फसवते. पट्टा जिथं अडकतो ती वरची आणि खालची टोकं बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या सपाटीच्या आत राहिलं पाहिजे. टोकं बाहेर लोंबली, की घड्याळ हातावर बसत नाही, हातावर ठेवल्यागत दिसतं. जाडी बघा, बाहीत अडकते का ते बघा. म्हाताऱ्या माणसाला वजन सोसतं का तेही बघा. मग बेचाळीसचं घड्याळ त्यांनी त्या दोऱ्याच्या कड्यावर आडवं ठेवलं. दोरा दिसेनासा झाला.

"हे दिऊ नका सर. काठीला कढई टांगल्यागत दिसंल. हे सदतीसचं घ्या, वडिलांच्या हातावर लय गोड बसंल."

ते खरं बोलत होते. सदतीसचं मी माझ्या हातात घालून बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक घड्याळ माझ्या हातावर शोभलं. आबांनाही ते शोभलं असतं. त्यांचंच हरवलेलं घड्याळ, त्यांच्या आजच्या मापाचं.

"बेचाळीसचं द्या," मी म्हणालो. "स्टीलच्या पट्ट्याचं."

"मग पट्ट्याच्या कड्या तरी काढून देतो. पाच-सहा काढाव्या लागतील."

"एकही काढू नका."

चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग खोक्यात घड्याळाबरोबर कड्या काढायची बारीक पिन टाकली.

पंचाहत्तरीला ओटा भरला होता. तालमीतले राहिलेले गडी आले होते, चार-पाच जण, सगळे काठ्या टेकत. बायकांनी दिवे ओवाळले. आबा नव्या सदऱ्यात पाटावर बसले होते, सदरा त्यांच्यावर वाळत घातल्यासारखा. सगळं झाल्यावर मी उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आबा, डावा हात पुढं करा."

घड्याळ बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की क्षणभर मला वाटलं, हे इथंच थांबवावं. त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी कडा फिरवली, करकर आवाज ऐकला, गड्यांना ऐकवला. "त्येच हाय," म्हणाले. "व्हय रं, त्येच हाय." मी ते त्यांच्या हातात घातलं, खटका लावला आणि हात सोडला. त्यांनी सगळ्यांना दाखवायला हात वर केला. घड्याळ मनगटावरून निघालं आणि सरळ कोपरापर्यंत घसरत गेलं.

मग मी त्यांचा हात परत धरला, अंगठा आणि मधल्या बोटानं विळखा घातला आणि सगळ्यांना दिसेल असा उचलला.

"दीड पेर उरलं," मी म्हणालो. "ह्यास्नी काय चारावं, तुमीच सांगा."

अडतीस वर्षं मी हे वाक्य तोंडात धरून होतो. कुणीही हसलं नाही. एक म्हातारा गडी आपल्या काठीच्या मुठीकडं बघत बसला. आई आत निघून गेली. आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, हात सोडवून घेतला, कोपरातलं घड्याळ खाली ओढून मनगटावर आणलं आणि ते निसटू नये म्हणून दुसऱ्या हातानं धरून ठेवलं. पाहुणे जाईपर्यंत ते तसेच बसले होते.

परतताना विट्याच्या पुढं बायको म्हणाली, "तुम्हाला आज बरं वाटलं असंल."

वाटलं होतं. खोटं कशाला सांगू. तासगाव येईपर्यंत वाटत होतं.

दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा घड्याळ त्यांच्या हातातच होतं. ते पडू नये म्हणून आबा डावा हात कोपरात मुडपून छातीशी धरून वावरत होते. पाणी पिताना, संडासला जाताना, झोपतानासुद्धा. खटका रुतून मनगटाच्या हाडावर काळं-निळं झालं होतं. आईनं मला एका बाजूला घेऊन सांगितलं, की ते रोज सकाळी दोन अंडी आणि शेरभर दूध घेतात, पोटात राहत नाही, ओकतात, तरी घेतात. भिंतीला हात टेकून जोर काढतात. तीन काढून झाले की खाली बसतात.

मी घड्याळाच्या खोक्यातली पिन काढली. "आणा आबा, कड्या काढून देतो. पाच मिनिटांचं काम हाय."

"नगं," ते म्हणाले आणि हात आणखी छातीशी घेतला. "कड्या राहू देत. मनगट भरंल की. घड्याळ बरुबर मापाचं हाय, मीच जरा कमी पडतुय."

घड्याळ चुकीचं आहे आणि ते मी मुद्दाम चुकीचं निवडलंय हे न सांगता पिन परत खोक्यात ठेवली. ते कदाचित त्यांना ठाऊकच होतं. पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांची मनगटं मोजलेला माणूस तो.

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. चहा झाला की आबा डावा हात माझ्यापुढं करतात. "बघ," म्हणतात, "भरलं का." ओट्यावर आता आम्ही दोघंच असतो. मी विळखा घालतो. दर वेळी बोट थोडं आणखी पुढं जातं, म्हणून मी बोटं सैल धरतो, मधे हवा राहील अशी. एक रविवार मी दीड म्हणालो, पुढचा रविवार सव्वा.

मागच्या रविवारी खरी दोन पेरं भरली असती. त्यांची कातडी माझ्या बोटांखाली सरकत होती आणि आतलं हाड गरम लागत होतं. मी बोटं इतकी सैल धरली, की ती मनगटाला लागतही नव्हती.

"एक," मी म्हणालो. "एकच पेर उरलंय, आबा."

त्यांनी उजवा हात उचलला, माझ्या बोटांवर ठेवला आणि होता नव्हता तो जोर लावून ती दाबून पार मनगटाला चिकटवली. मधलं बोट अंगठ्यावरून सरकत दोन पेरं पुढं गेलं. आम्ही दोघांनी ते बघितलं.

"तुला माप बी धराय आलं न्हाई कवा," आबा म्हणाले आणि घड्याळ सावरत आत गेले.