‘चालू स्थितीत’ विकलेली मोटारसायकल

कचेरीच्या कुंपणाबाहेर कडुलिंबाखाली अर्ज लिहिणाऱ्यांच्या टेबलांची रांग आहे. तिच्यात माझे टेबल पहिले. हे स्थान मला कुणी बहाल केलेले नाही. ते मी लेखणीच्या बळावर मिळवले आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझा मसुदा हातात घेऊन चांगल्या चांगल्या वकिलांनी ‘हे कुणाकडून लिहून घेतले?’ असे पक्षकाराला विचारल्याचे प्रसंग आहेत. हे मी आत्मस्तुतीसाठी नमूद करत नाही. पुढील हकिकत एका ओळीवर उभी आहे आणि ती ओळ माझ्या हातची आहे. म्हणून लिहिणाऱ्याचा परिचय आधी झालेला बरा.

मोटारसायकल माझ्याकडे आली ती अशी. पिशोरचे एक वृद्ध गृहस्थ, उभा जन्म वायरमन म्हणून खांबांवर चढलेले, मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले होते. त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीला गिऱ्हाईक ठरले होते, आणि विक्रीचा कागद लिहून घेण्यासाठी ते ती टेम्पोत घालून माझ्याकडे आले. गिऱ्हाईक आलेच नाही. टेम्पोवाला घाई करू लागला. शेवटी वृद्ध म्हणाले, “साहेब, तुम्हीच ठिवा. काय द्यायचं ते द्या, पण मोडीत घालू नका.” मी ठेवली. बऱ्यापैकी नव्या सायकलीला याहून अधिक पडले असते.

गाडी कडुलिंबाला टेकवून उभी केली आणि मी तिच्याकडे नीट पाहिले. टाकी काळी, तिच्या कडेने सोनेरी रेघ. बसणाऱ्याचे गुडघे वर्षानुवर्षे घासून टाकीचा रंग दोन्ही बाजूंनी उडाला होता आणि तेवढाच धातू आरशासारखा चकाकत होता. मडगार्डवर गंज होता, पण चाकांच्या तारा सरळ होत्या. सोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत सर्व कागद क्रमवार लावलेले. नोंदणीचे नूतनीकरणसुद्धा केलेले. ज्या मनुष्याचे कागद इतके स्वच्छ असतात, त्याच्या वाहनाविषयी माझ्या मनात आपोआप आदर उत्पन्न होतो.

प्रश्न एवढाच होता की ती दुरुस्त करून स्वतः वापरावी की आहे तशी विकून टाकावी. मला मनापासून दुरुस्त करावीशी वाटत होती. रिक्षात तिघांमध्ये दाबून बसत कचेरीला येणे माझ्या पदाला शोभत नाही, हे मी बरेच दिवस जाणून होतो. परंतु शहागंजातील मिस्त्रींनी येऊन किकवर पाय ठेवला, तो तसाच अधांतरी राहिला. किक तसूभर खाली जाईना.

“अर्जीवाले साब,” मिस्त्री म्हणाले, “इंजन जाम है. दो बरसात खडी रही ना. पूरा खोलना पडता. गाडी से जास्ती खर्चा लगता, पैलेच बोल देतूं.”

घरी हा विषय काढला तेव्हा सौभाग्यवती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “अहो, तुम्हाला चालवता तरी येतं का अजून? लग्नात घोड्यावर बसलात तेव्हाबी दोन माणसं धरायला लागली व्हती.”

सबब, गाडी विकावी असा निर्णय झाला.

त्याच आठवड्यात बिडकीनजवळच्या एका वस्तीवरून एक मुलगी रहिवासाच्या दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायला आली. “जय भीम, काका,” म्हणून तिने शिस्तीत रांग धरली. बिडकीनच्या बाजूला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात तिला माल तपासण्याचे काम लागले होते आणि पुढच्या एक तारखेला सकाळच्या पाळीला हजर व्हायचे होते. तिच्यापुढे एक शेतकरी होता, भावाशी झालेली वाटणी तोंडी तशीच ठेवू म्हणत होता. त्याला मी, नेहमी सर्वांना सांगतो तेच, ठणकावून सांगितले : “बोललेले विसरा. लिहिलेले तेवढे धरा.” मुलगी ऐकत होती, हे मला नंतर कळले.

तिचा अर्ज झाल्यावर तिची नजर गाडीवर गेली. “काका, ही कुणाची?”

“विकायची आहे. पण बाई, तुला स्कूटी बरी पडेल.”

“स्कूटीचं चाक आमच्या वाटंत रुततं, काळ्या मातीत. मला गिअरची येती. ट्रॅक्टरबी येतो.” तिने वाकून चाकांच्या तारा एकेक चिमटीत धरून पाहिल्या. “वस्तीवर यष्टी येत नाय. पाळीला पोचले नाय तर माझ्या जागी दुसरी घेतेत. दोघी-तिघी टपूनच हायेत.”

मी तिला स्पष्ट सांगितले की गाडी बरेच दिवस उभी आहे, थोडे काम निघेल. ती बरं म्हणाली. किमतीत घासाघीस केली नाही, याचे मला कौतुक वाटले. मग मी विक्रीचा कागद लिहायला घेतला.

आमच्या व्यवसायाचा एक दंडक आहे. कागद कितीही लहान असो, तो मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही. त्याप्रमाणे मी खणखणीत आवाजात वाचले आणि त्यात ही ओळ आली : ‘सदर वाहन सुस्थितीत व चालू स्थितीत लिहून घेणार यांच्या ताब्यात दिले असे.’ माझ्या हातून असे शेकडो कागद गेले आहेत आणि वाहन म्हटले की ही ओळ लेखणीतून आपोआप उतरते. ती नसेल तर कागद मला अर्धनग्न भासतो. मुलीने लक्षपूर्वक ऐकले आणि सही केली. लिहून देणार म्हणून मीही केली. टाकीत पेट्रोल नव्हते, म्हणून तिच्यासोबत आलेल्या चुलतभावाने गाडी ढकलत नेऊन टेम्पोत चढवली.

दुसऱ्या दिवशी मी टेबल मांडण्यापूर्वीच ती कडुलिंबाखाली उभी होती. गाडीही परत आली होती.

“काका, गाडी चालू नाय.”

“मी म्हणालो होतो, काम निघेल.”

“म्हणला व्हता. लिहिलं नाय.” तिने कागद उघडून माझ्यापुढे धरला. “इथं चालू लिहिलंय. वाचून पण दाखवलं तुम्ही. मला वाटलं, आधी बोलला ते किमतीपुरतं, आता लिहिलं ते खरं.”

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट मोठ्याने हसला. “फसला का पहिला नंबर!”

मी शांतपणे खिशात हात घालून तिचे पैसे काढले. “हे घे. कागद मी रद्द करतो.”

“पैसे घेऊन काय करू? पैशावर बसून बिडकीनला जाऊ का?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, की रडली नाही. “एक तारीख आली काका. ह्या किमतीत दुसरी गाडी मिळंल का मला? तुम्ही लिहिलंय, आता चालू करून द्या.”

इतकी वर्षे मी या रांगेत लोकांना लिहिलेल्या शब्दाचे महत्त्व सांगत आलो. लोक मान हलवतात, पैसे देतात आणि बाहेर पडून पुन्हा तोंडीच व्यवहार करतात. माझी ओळ माझ्यासमोर अशी धरून उभी राहिलेली ही पहिलीच व्यक्ती. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला, खरे सांगायचे तर, सन्मान झाल्यासारखे वाटले. मी टेबल झाकले आणि आम्ही दोघांनी गाडी ढकलत शहागंजात नेली.

मिस्त्रींनी इंजिन उतरवले. पिस्टन आतल्या नळीला चिकटून बसला होता. तो लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून, तेल सोडून सोडून सुटा केला. रिंगा नव्या घ्याव्या लागल्या. सायलेन्सरमध्ये इतकी काजळी दाटली होती की तो जाळावर धरून लाल करावा लागला. टाकी आतून गंजली होती. तिच्यात डिझेल आणि मूठभर नट टाकून मिस्त्रींनी ती आमच्या हातात दिली. “हिलाते बैठो. जब तक अंदर का पानी लाल आता, तब तक हिलाने का.”

वस्तीजवळून दुपारी एकच जीप सुटे, तिने मुलगी दररोज येत असे आणि मी टेबल लवकर आवरून जात असे. दुकानासमोरच्या बाकावर समोरासमोर बसून, टाकी मधे धरून आम्ही ती पाळण्यासारखी हलवत असू. आतल्या नटांचा आवाज गल्लीभर जाई. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडले, ते आजही आहेत.

“काका, तुमचे हात लई मऊ,” ती एकदा म्हणाली.

“लेखणीचे हात आहेत.”

“व्हय, दिसतंय. जरा जोरात हलवा.”

घरी सौभाग्यवतीने ऐकून घेतले आणि म्हणाली, “जी विकली तिच्यावर खर्च चाललाय. जिला नांदवायला आणली तिला वर्ष झालं मिक्सर मिळंना.” परंतु दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भाकऱ्या जास्त होत्या, आणि ठेचा निराळ्या पुडीत, मुलीसाठी.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिन जागेवर बसले. मिस्त्रींनी चाचणीपुरते थोडे पेट्रोल, त्यात ऑइल मिसळून टाकले आणि किक मारली. पहिल्या किकला धूर, दुसऱ्याला एक ठसका, आणि तिसऱ्याला ती बोलू लागली. तो आवाज मी वर्णू शकत नाही. एवढेच म्हणतो की गल्लीतील दोन दुकानदार गल्ला सोडून बाहेर आले.

मीही तिच्यावर बसलो. क्लच सोडताना दोन आचके बसले, पण पडलो नाही. पैठण गेटपर्यंत गेलो, तिथून औरंगपुऱ्यात, परत, आणि पुन्हा एकदा तीच फेरी. माझे गुडघे टाकीच्या त्या चकाकणाऱ्या जागांवर नेमके टेकले होते. एखादा मसुदा एकही खाडाखोड न होता उतरावा, तशी ती चालत होती.

मी परतलो तेव्हा मिस्त्रींपाशी फर्दापूरचे एक हॉटेलवाले बसले होते. लेणी पाहायला येणारे लोक थांबावेत म्हणून त्यांना हॉटेलासमोर चबुतऱ्यावर एक जुनी गाडी उभी करायची होती. त्यांनी जी किंमत उच्चारली, ती ऐकून मी पुन्हा विचारून घेतली. दुरुस्तीचा सगळा खर्च भरून निघून घरात मिक्सर आला असता आणि वर उरले असते.

“साब, मेरे को पूछो तो ना उनको देओ ना लडकी को,” मिस्त्री हळूच म्हणाले. “तुमीच चलाओ. जच री थी तुमपे.”

मुलगी दुपारी यायची होती. मी गाडी घेऊन कडुलिंबाखाली आलो, टेबलाशी बसलो आणि एक कोरा कागद घेतला. करार रद्द करण्याचा मसुदा मला पाठ आहे. ‘उभयपक्षी राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, दिनांक मजकूरचा विक्रीचा कागद रद्दबातल करण्यात येत आहे.’ अक्षर सुरेख आले. मग दंडकाप्रमाणे, तिला वाचून दाखवायचे आहे म्हणून, एकदा मोठ्याने वाचून पाहावे असे ठरवले. ‘उभयपक्षी राजीखुशीने’ इथपर्यंत गेलो. तिथेच कागद खाली ठेवला. समोर ती उभी राहून ऐकते आहे आणि प्रत्येक शब्द खरा मानून घेते आहे, असे दिसत होते. दुसऱ्या कुणासमोर मी तो सहज वाचला असता. कागदाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी नंतर कुणाच्या तरी अर्जाचा कच्चा मसुदा काढला.

ती आली. मी किल्ली दिली. तिने ओढणी कमरेला खोचली, चप्पल घट्ट केली आणि किक मारली. मिस्त्रींना तीन लागल्या होत्या. तिला एक पुरली. रांगेतले सगळे अर्जनवीस लेखण्या थांबवून पाहत होते. तिने गाडी तशीच चालू ठेवून पिशवीतून कागद काढला, माझे पेन मागितले आणि सहीखाली, जरा तिरप्या अक्षरात, लिहिले : ‘चालू मिळाली.’ मग मला मोठ्याने वाचून दाखवले. मी मान डोलावली.

ती निघाली आणि कोपऱ्यावरच आवाज बंद पडला. थोड्या वेळाने गाडी ढकलत परत येताना दिसली.

“काय झाले?”

“गाडी चालू हाय काका. पेट्रोल संपलं.” ती हसू दाबत होती. “पेट्रोलचं कागदात नव्हतं, म्हणून मी काय बोलत नाय.”

औरंगपुऱ्याच्या त्या दोन फेऱ्यांचा उल्लेख मी तिच्याजवळ केला नाही. उठलो आणि मागून हात लावला. संपूर्ण रांगेसमोरून, टायपिस्टासमोरून, आम्ही ती गाडी पंपापर्यंत ढकलत नेली. टाकी मी भरून दिली आणि ऑइल किती घालायचे ते मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे दोनदा बजावले.

“काका, हे पण लिहून द्या ना,” ती म्हणाली. मी पंपावरच्या पावतीमागे लिहून, वाचून दाखवून दिले. ती पैठण रस्त्याला लागली. गाडी दिसेनाशी झाल्यावरही आवाज बराच वेळ येत होता. दुसऱ्या दिवशी ती पाळीला वेळेवर पोहोचल्याचे तिच्या चुलतभावाने फोन करून कळवले.

आता कुणी वाहनाचा कागद लिहायला आले की मी लेखणीचे टोपण काढण्याआधी खुर्चीवरून उठतो आणि त्या वाहनाला स्वतः किक मारतो. टायपिस्ट विचारतो, “साहेब, अर्ज लिहिता का गॅरेज काढलं?” मी आणखी एक किक मारतो. इंजिनाचा आवाज येईपर्यंत मी ती ओळ लिहीत नाही.