तिसरा दात

आमचा दादा तीस वर्षं गालिचे बसवतोय. खिशात वाकड्या पात्याचे, घडी होणारे दोन चाकू, एक साध्या धारेचा, दुसरा दातेरी. दातेरी फक्त दोरीसाठी. गालिच्याला तो लावला की कड उंदरांनी कुरतडल्यासारखी होते, आणि असल्या कारागिराला दादा दारातही उभं करत नाही.

त्या दिवशी एका बंद घरात आम्ही नवा गालिचा नेला. दोरी कापताना दातेरी चाकू दोरीतल्या तारेवर अडकला आणि टोकाकडून तिसरा दात तुटला. "लागली वाट," दादा पुटपुटला.

मग जुना गालिचा उचलायला वाकलो. मालकीणबाईंच्या आजोबांनी घातलेला, तेव्हापासून कुणी हलवलेला नाही. कोपऱ्यात तो कुणीतरी अर्धवट कापून सोडला होता, आणि कापाच्या शेवटी दातेरी पातं रुतल्याची खूण होती.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" मी म्हणालो.

दादाने आपला चाकू त्या खुणेवर ठेवला. दातात दात बसला. खुणेतही तिसऱ्याची जागा कोरी होती, आणि तो दात तर आत्ताच तुटला होता.

त्याने कापाच्या टोकावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "अर्ध्यावर का थांबलो असेन रे मी?"