बेचाळीस दिवस

"बांधलं म्या, त सोडीन बी म्याच. मधात कोनी हात लावाचा नाई."

बाभुळगावच्या पोस्टात मी सात वर्षं सब-पोस्टमास्तर होतो. आमच्या पोस्टमननं ज्यांची मोडलेली हाडं बांधली त्यांची नावं मी एका वहीत लिहून ठेवत असे. ती दोनशे सोळा भरली. त्यातली एकशे चाळीस बांधणी माझ्या डोळ्यांसमोर, पोस्टाच्या ओट्यावर झाली. तेव्हा वरचं वाक्य मी निदान एकशे चाळीस वेळा ऐकलं आहे. शेवटची गाठ मारली की तो ते म्हणायचाच.

रोज अकरा मैलांची टपालाची फेरी आणि फेरीच्या आधी व नंतर हाडं, असा त्याचा दिवस होता. उंचीनं बेताचा, अंगानं काटक, पण पंजे मात्र दुसऱ्या कोणा थोराड माणसाचे आणून जोडल्यासारखे. कोमट तिळाच्या तेलानं तो हात चोळायचा, मोडलेल्या जागेवर नुसता अंगठा फिरवायचा आणि एकदम विचारायचा, "घरी बैल किती?"

माणूस बिचारा मोजायला लागे. "एक... दोन..." तेवढ्यात आवाज होई आणि हाड जागेवर बसे.

एकदा मोठ्या घरचे एक पाटील आले होते. ते कळवळत आठपर्यंत गेले. हा हसून म्हणाला, "पाटील, हाड त दुसऱ्याच बैलाले बसलं. बाकीचे सहा कायले आनले?"

मग हळद, उडदाचं पीठ आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा लेप, वरून बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या. हाताला एकवीस दिवस, पायाला बेचाळीस. मधे दर आठवड्याला तो स्वतः जाऊन पाही. मुदत भरली की रोग्याकडे पाठ करून, हात किंवा पाय आपल्या काखेत घेऊन गाठ सोडी. ती कशी सोडतो ते कोणाला दिसत नसे.

हा नियम त्याच्या आजाचा. आजा एकदा एकाचा हात बांधून सोयऱ्यांकडे लग्नाला गेला. घरच्यांनी मागे पट्ट्या सोडल्या आणि तो हात जन्मभर वाकडा राहिला. त्या दिवशी आजानं शपथ घेतली, बांधलेलं आपल्या हातानं सोडेपर्यंत गाव सोडायचं नाही. ती बापाकडे आली, बापाकडून याच्याकडे.

त्याच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. हाड मोडलं की गावातले सगळे त्याच्या हातात हात देत. हात बरा झाला की तेच लोक टपाल घेताना पाकीट ओट्यावर ठेवायला सांगत. आमचं घर त्याला अपवाद नव्हतं. आमच्याकडे तो पायरीपर्यंत येई आणि आई वरून ओंजळीत पाणी घाली. मी ते पाहत असे. बोलत नसे.

अठ्ठावन्न सालच्या जूनच्या सुरुवातीलाच त्याच्या नावाची दोन रजिस्टर पाकिटं आली. दोन्हींवर मीच शिक्का मारला. तो मॅट्रिक झालेला होता आणि माझ्याकडूनच त्यानं दोन अर्ज लिहून घेतले होते, दोन्ही आयुर्वेदाच्या कॉलेजांना. दोन्हीकडे त्याला जागा मिळाली, शिष्यवृत्तीही. त्याच्या घराण्यात तालुक्याबाहेर शिकायला जाणारा तो पहिलाच.

"आता कोनतं, मास्तर?"

मी कागदावर मधोमध रेघ मारली. नागपूरकडच्या कॉलेजात मिश्र अभ्यासक्रम, म्हणजे आयुर्वेदासोबत शवविच्छेदन आणि क्ष-किरण. अमरावतीकडचं शुद्ध आयुर्वेदाचं. तिथे हाडं बांधण्याचं शास्त्र शिकवणारे एक वृद्ध वैद्य होते, पण ग्रंथ सगळे संस्कृत. दोन्हीकडे वर्षं सारखी. दवाखान्यातल्या खाटा नागपूरला जास्त, अंतर अमरावतीचं कमी. बेरीज काही केल्या एका बाजूला झुकेना.

त्याला नागपूर ओढत होतं. "थ्या मशीनीत आतमधलं हाड दिसते म्हनते. मी इतके हाडं बसवले मास्तर, पन पाह्यलं एक बी नाई." दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "पन अमरावतीले संस्कृत हाय न. माह्या आज्याले ज्याचा एक शबुद आयकू देल्ला नाई, थे मी बाकावर बसून वाचीन." मग हसायचा. "नाई त असं करू मास्तर, एक पाय नागपूरले, एक अमरावतीले. मधात मोडलो त कोन बांधन?"

पाच-सहा दिवस असे गेले. मग मी तारखा मांडल्या, आणि तारखांनी निवड त्याच्या हातातून काढून घेतली.

नागपूरला एक जुलैपर्यंत हजर व्हायचं होतं. माझ्या वहीत एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्याचा पाय होता, अठ्ठावीस मेला बांधलेला. सुटायचा नऊ जुलैला.

"तो पाय मी सोडतो," मी म्हणालो. "नऊ तारखेला. तू जा."

"नाई मास्तर."

"अरे, पट्ट्या सोडायला कॉलेज कायले पाह्यजे?"

"पट्ट्या सोडाले नाई. शब्द सोडाले."

त्यानं नागपूरला मुदत वाढवून मागितली. नकार आला. तो त्यानं माझ्यासमोर वाचला, घडी केली आणि थैली खांद्यावर टाकून फेरीला गेला. त्या दिवशी एकही पत्र चुकीच्या घरी पडलं नाही. हे मी मुद्दाम तपासलं होतं.

राहिलं अमरावती. तिथली शेवटची तारीख अठ्ठावीस जुलै. म्हणजे सत्तावीसपर्यंत सगळ्या गाठी सुटायला हव्यात. मी हिशोब करून दिला: पंधरा जूननंतर नवा पाय घ्यायचा नाही, सहा जुलैनंतर नवा हात घ्यायचा नाही. कागद पोस्टाच्या खिडकीमागे टाचणीनं लावला आणि बजावलं, "कोनी बी येवो, नाई म्हनायचं. मी स्वतः आलो तरी नाई म्हन."

तो हसला. "लिहून द्या."

मी लिहून दिलं नाही. ही गोष्ट मला अजून आठवते.

तुम्ही त्या दिवसांत आमच्या पोस्टासमोरून गेला असता तर तुम्हालाही कळलं असतं की नाही म्हणणं हे हाड बसवण्यापेक्षा अवघड काम आहे. जांभळं पिकलेली, माणसं झाडांवरून पडत होती. पुढे पाऊस लागला, शेतांच्या बंध्यांवर पाय घसरायला लागले. लोक बैलगाडीतून येत, ओट्याखाली गाडी सोडून बसून राहत. तो फेरीवरून आला की मान खाली घालून मागच्या दारानं आत येई. मी चिठ्ठ्या लिहून त्यांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पाठवत असे. तीन पाय, पाच हात, असे आठ जण पाठवले.

"आता सायेब झाला बाप्पा," लोक त्याला ऐकू जाईल असं म्हणत. "आमचे हाडं कायले दिसतीन!"

एक किराणा दुकानदार तीनदा येऊन गेला. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "मानसाचं राहू दे. म्हशीचा पाय तरी बांध."

"शेठ, म्हशीचा बी बांधला त म्यालेच सोडा लागन. थे काय अमरावतीले येते?"

हसला खरा, पण तो झोपत नव्हता हे मला दिसत होतं. बसल्या जागी त्याची बोटं एकमेकांवर दाबली जात, काही तरी जागेवर बसवत असल्यासारखी. एकदा म्हणाला, "मास्तर, मले वाट्टे का बांधलेला मीच हावो. अन् मले सोडनारा गेला मरून."

वीस जुलैला वहीत दोन हात उरले. ते सत्तावीसच्या आत सुटणार होते. त्यानं पत्र्याची एक पेटी आणली आणि तिच्यावर आपलं नाव रंगवून घेतलं. रंग वाळायला पेटी पोस्टातच ठेवली होती.

बावीस जुलैला संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास माझी आई विहिरीजवळच्या शेवाळावरून पडली. उजव्या पायाची नडगी मोडली. हाड कातडीला आतून टोचत होतं. आई ओरडली नाही. "त्याले बोलाव," एवढंच म्हणाली.

बेंबळा नदीला पूर होता, यवतमाळची मोटार बंद होती. इतकी वर्षं मी लोकांना एवढंच सांगत आलो. पण हिशोबाच्या माणसानं अर्धा आकडा सांगू नये. पूर दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला आणि तीन वाजता मोटार गेली. एकोणीस-वीस तासांचा प्रश्न होता. ज्या आठ जणांना मी परत पाठवलं, त्यांच्यातले दोघे तर दोन-दोन दिवस कळा काढून गेले होते.

मी त्याच्या घरी गेलो. तो जेवत होता. मला दारात पाहून ताटावरून उठला. मी काय झालं ते सांगितलं. "बांध" असं म्हणालो नाही. म्हणावं लागलं नाही.

हात धुताना त्यानं एकदाच विचारलं, "मास्तर, आज तारीख किती?"

"बावीस."

पुढची बेरीज त्याला येत होती.

आमच्या पायरीशी तो सवयीनं थांबला. आई आतल्या खोलीतून म्हणाली, "ये न आत. पाय काय थ्या पायरीवर आनून देऊ तुले?"

तो आत आला. तेल चोळलं, अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "माय, देवघरात देव किती?"

"एक गनपती," आई म्हणाली, "एक बाळकृष्ण, एक..."

तिसऱ्या देवाला हाड बसलं. कामट्या लागल्या, पट्ट्या लागल्या. गाठ मारून झाल्यावर त्यानं तेलाची वाटी बाजूला सारली. त्या दिवशी तो नेहमीचं वाक्य बोलला नाही. आईनं आपल्या पितळी पेल्यात त्याला पाणी द्यायला लावलं. ते तो प्यायला.

दोन सप्टेंबरला बेचाळीस दिवस भरले. त्यानं पाठमोरं बसून गाठ सोडली आणि आईचे दोन्ही पाय दोऱ्यानं मोजले. एका सुताचाही फरक नव्हता.

पुढच्या वर्षी दोन्ही अर्ज मी आपण होऊन भरले. वयाची अट पंचवीस पूर्ण नसण्याची होती. त्याला पंचवीस होऊन चार महिने झाले होते. रंगवलेल्या पेटीत तो मग कामट्या ठेवायला लागला.

त्रेसष्ट साली माझी बदली पुसदला झाली. दर दोन सप्टेंबरला आई मला कार्ड लिहायला लावायची: "त्याले लिही, पाय ठीक हाय म्हना." त्यानं अमरावती कशामुळे सोडली हे मी आईला सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही.

चौथं कार्ड परत आलं. वर अनोळखी अक्षरात एकच शब्द होता: मयत.

मी बाभुळगावला गेलो. नऊ दिवसांच्या तापात गेला, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. त्याच्या घराच्या ओट्यावर एक शेतकरी बसला होता, डावा हात बांधलेला. मी सवयीनं विचारलं, कितवा दिवस? सव्विसावा. मुदत पाच दिवसांपूर्वी भरली होती.

"मग सोडला काहून नाई?"

"थो म्हने मीच सोडीन." त्याचे डोळे दाराकडे होते. "कोनाले लावू देऊ हात?"

मी त्याच्या शेजारी बसलो. त्याचा हात काखेत घेतला आणि पाठ वळवली. गाठ पट्टीच्या आत दडवलेली होती. मला वाटलं होतं, नखांनी उकलावी लागेल, फार वेळ लागेल.

एक टोक जरासं लांब होतं. ते ओढलं. गाठ आपोआप सुटली.

"सरळ हाय का, मास्तर?" पाठीमागून शेतकऱ्यानं विचारलं.

मी हात वर धरून पाहिला. सरळ होता.